साळुंकेबाईंच्या कुबड्यांचे चार जोड

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की आमच्या शाळेच्या संपूर्ण इतिहासात पायातलं न काढता ध्वजकट्ट्यावर चढलेला जीव एकच. ती एक पांढरी शेळी होती. तिच्यावर कारवाई करण्याच्या प्रयत्नात मुख्याध्यापिका साळुंकेबाईंची उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. शेळीला काहीही झालं नाही.

तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं, मी तेवीस वर्षांची होते आणि गुलमंडीच्या अलीकडे, मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. म्हणजे आठशे मुलींना दरवर्षी तेच फुलपात्र आणि तोच आंबा काढायला लावत होते. माझं सोडा. मी या गोष्टीत भिंतीला टेकून उभी आहे, एवढंच समजा.

साळुंकेबाईंचा नियम असा होता, की ध्वजकट्ट्यावर अनवाणी चढायचं. शाहबादी फरशीच्या पाच पायऱ्या, वर चार माणसं उभी राहतील एवढा चौथरा, मधोमध लोखंडी खांब. कठडा नाही. पाहुणे आमदार असोत की डॉक्टर, बूट पहिल्या पायरीखाली काढायचे. एका पाहुण्यांच्या मोज्याला भोक होतं, त्यांनी चढायला का-कू केली. बाई म्हणाल्या, "मोजेही काढा. म्हणजे प्रश्नच मिटला."

श्रावणातल्या एका भिजक्या सकाळी मागच्या गल्लीतली शेळी चौथऱ्यावर उभी राहून झेंड्याची दोरी चघळत होती. बाई धावल्या. पायरीपाशी आल्यावर थांबल्या, चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, मग धावल्या. ओल्या फरशीवर अनवाणी पाय. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला. चपला असत्या तर घसरल्या नसत्या, असं हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्यांनी विषय बदलून रक्तदाब तपासला.

या नियमाचं मूळ एकदा मधल्या सुट्टीत आम्ही विचारलं होतं. बाई वर्गात पुस्तकातल्यासारखं बोलत. रागात आणि आनंदात मात्र माहेरच्या बोलीत, थेट पाचोडला जात. त्या दिवशी अर्ध्यात गेल्या. म्हणाल्या, "पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी दहा वर्षांची. पाचोडात पहिल्यांदा तिरंगा लावायचा ठरला. बांबू आणला, कापड आणलं. खड्डा खणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मास्तर म्हणले, धर गं पोरी. धरला. मास्तरांनी चपला काढल्या म्हणून समद्यांनी काढल्या. माझ्या पायात नव्हत्याच. अन् पायाखाली निघालं मुंगळ्याचं वारूळ."

"मग?"

"मग काय. भाषणं व्हती."

एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि घंटा वाजवायला सांगितली. सुट्टी संपायला चार मिनिटं होती.

बाई उंच होत्या. दवाखान्याबाहेरच्या दुकानात मिळालेल्या कुबड्या त्यांच्या काखेपर्यंत पोचेनात. त्या लावून चालताना बाई सतत कुणाला तरी नमस्कार करायला निघाल्यासारख्या दिसत, आणि ते त्यांना मंजूर नव्हतं. पाचोडला निरोप गेला. तिकडून त्यांचे धाकटे भाऊ बापूराव एस.टी.नं नव्या कुबड्या घेऊन आले. बापूराव शेती करत, दर आठवडी बाजारात बैलांची पारख करत, आणि बाईंना आक्का म्हणत. कुबड्या गावच्या सुतारानं बाभळीच्या लाकडाच्या केल्या होत्या. त्या सुतारानं आयुष्यभर बैलगाड्या आणि नांगर केले होते, त्यामुळे त्यानं कुबड्याही ओझ्याचा विचार करून केल्या. खाली लोखंडी टोपण ठोकलं होतं. वरून लाल आणि हिरवा रंग दिला होता.

"रंग कशाला रे?" बाईंनी विचारलं.

"गेल्या साली पोळ्यासाठी आणल्याला व्हता. उरला."

"शिंगाला लावून उरला?"

"व्हय. पन घुंगरं म्या काढायला लावली आक्का. त्यो बसवीत व्हता."

हा झाला पहिला जोड. तो घेऊन बाई घरी गेल्या आणि उंबऱ्यावर अडल्या. बाईंचे यजमान पूर्वीच वारले होते; घरी ऐंशी वर्षांच्या सासूबाई होत्या, त्यांना बाई आत्या म्हणत. आत्यांनी दारातच हात आडवा केला.

"ह्या काय घिऊन आत चाललीस?"

"कुबड्या आहेत, आत्या."

"रस्त्यानं आल्यात न्हवं? मंग चपलेपाशी ठिवायच्या. चपला घालून कोन घरात येतं का?"

बाईंनी सांगून पाहिलं, की कुबडी म्हणजे चप्पल नव्हे. आत्या म्हणाल्या, भुईला काय टेकतं ते बघ. बाई गणिताच्या शिक्षिका. बिनचूक युक्तिवाद समोर आला की त्या हार मानत. तेव्हा दुकानातल्या त्या आखूड कुबड्यांना खाली लाकडाचे तुकडे जोडून घरातला जोड तयार झाला. तो दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी आत्यांच्या लक्षात आलं, की हाच जोड न्हाणीतही जातो आणि चुलीपाशीही येतो. मग स्वयंपाकघराचा तिसरा जोड आला. बाई बाहेरून आल्या की आधी दारात लाल-हिरवा जोड चपलांशेजारी उभा करत, घरातला घेत, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुन्हा बदली. पंधरा पावलांच्या घरात तीन वाहनं बदलून त्या चहाच्या कपापर्यंत पोचत. आणि पोचल्यावर कळे, की दोन्ही हात कुबड्यांना दिल्यावर कप उचलून आणायला तिसरा हात नाही. त्यामुळे चहा चुलीपाशी उभ्यानंच प्यायचा.

शाळेत याला उपाय निघाला. बाईंनी गळ्यात एक झोळी अडकवली. तीत खडू, डस्टर, हजेरीपट, छडी आणि फिरकीच्या तांब्यात चहा. छडीचा उपयोग नव्हता, कारण ती उगारायला एक कुबडी सोडावी लागे. ते मुलींच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. बाईंच्या लक्षात पहिल्याच दिवशी आलं होतं, तरी छडी झोळीत राहिली.

वऱ्हांडा अरुंद होता. दोन कुबड्या आणि मधे बाई, की वऱ्हांडा भरला. त्यांना ओलांडून जाणं अशक्य. घंटा झाली की पुढे बाई, मागे विज्ञान, मागे भूगोल, मागे मी आंबा घेऊन, अशी मिरवणूक निघे. एकदा मागून कुणीतरी घसा खाकरला. बाई मागे न बघता म्हणाल्या, "ज्याला घाई असंल त्यानं घरून लौकर निघावं."

पण बाईंचं खरं नुकसान वेगळंच होतं, आणि ते आम्हाला माहीत होतं. पाय मोडण्यापूर्वी बाईंच्या चालण्याचा आवाज येत नसे. वर्गात मुलगी चिंच खात असली, की चिंच गिळायच्या आत खिडकीत बाई. पस्तीस वर्षांचा शाळेचा दरारा त्या न येणाऱ्या आवाजावर उभा होता. आता बाभूळ आणि लोखंड. ठक्, ठक्, घसर. ठक्, ठक्, घसर. बाई जिन्याच्या तळाशी असताना वरच्या मजल्यावरच्या मुली सभ्य होत. नववीच्या वर्गानं तर या आवाजाचा अभ्यासच केला होता. ठक् किती वेळा आलं की बाई कुठल्या खांबापाशी, याचा तक्ता एका वहीच्या शेवटच्या पानावर होता. तो सुबक होता. माझ्याच विषयात त्या मुलीला कमी गुण होते, याचं मला वाईट वाटलं.

बाईंनी काही केलं नाही. फक्त चाचणी परीक्षेच्या दिवशी शिपाई युसूफमामूंना बोलावलं. युसूफमामू शाळेत बाईंच्याही आधीपासून होते आणि बाईंशी वाद घालण्याची परवानगी असलेले एकमेव गृहस्थ होते.

"ह्या दोन कुबड्या घ्या आणि वऱ्हांड्यात चालत राहा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, मेरे दोनो पाँव अच्छे हैं. लोगां क्या बोलेंगे?"

"घसर मात्र नीट आली पाहिजे. ठक्, ठक्, घसर."

"बुढापे में नाटक करवारे आप," असं म्हणत युसूफमामूंनी कुबड्या घेतल्या. हे बोलणं नववीच्या रिकाम्या वर्गात झालं; घंटेच्या अर्धा तास अगोदरच बाई तिथे जाऊन मागच्या कोपऱ्यात, भारताच्या मोठ्या नकाशामागे खुर्ची टाकून बसल्या होत्या. पेपर सुरू झाला. वऱ्हांड्यात आवाज दूर जाऊ लागला. चौथ्या खांबापलीकडे गेला. तक्त्याप्रमाणे आता सहा मिनिटं मोकळी होती. सात चिठ्ठ्या बाहेर आल्या. त्याच क्षणी अरबी समुद्रातून बाईंचा आवाज आला, "ज्यांच्या चिठ्ठीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलंय, त्यांनी उभं राहावं."

सातही उभ्या राहिल्या. युसूफमामू कुणी थांबवायला न आल्यानं पेपर संपेपर्यंत चालत राहिले. काखा सुजल्या म्हणून दोन दिवस रजेवर गेले. त्यानंतर शाळेत आवाज आला तरी भीती आणि नाही आला तरी भीती, अशी परिस्थिती झाली. म्हणजे पूर्वीपेक्षा दुप्पट.

आता मुख्य प्रकरण. संस्थेच्या सचिवांना सगळे भाऊसाहेब म्हणत. उपमुख्याध्यापक डोईफोडे सर हे भाऊसाहेबांचे सख्खे मेहुणे होते, हा निव्वळ योगायोग. बाई दवाखान्यात असताना पंधरा ऑगस्टचा झेंडा डोईफोडे सरांनी फडकवला होता. म्हणजे त्यांनी दोरी ओढली, गाठ सुटली नाही, अखेर युसूफमामू खांबावर चढले आणि झेंडा फडकला. तरीही भाऊसाहेबांना मेहुण्यांचं त्या चौथऱ्यावरचं उभं राहणं फार आवडलं. सप्टेंबर लागताच बाईंना पत्र आलं. त्यात बाईंच्या प्रकृतीबद्दल चार ओळी काळजी होती आणि पाचवी ओळ अशी, की सतरा सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्याध्यापिका स्वतः कट्ट्यावर उभ्या राहून ध्वजारोहण करू शकल्या तर उत्तमच. अन्यथा पदभार उपमुख्याध्यापकांकडे सोपवून त्यांनी विश्रांती घ्यावी. बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. ती विश्रांती एकदा सुरू झाली की संपणार नाही, हे कळायला गणित लागत नव्हतं.

पत्र आलं तेव्हा बापूराव ऑफिसात बसले होते. प्लास्टर निघाल्यावर पायाला लावायचं कसलंसं तेल घेऊन आले होते. बाईंनी पत्र वाचून त्यांच्यासमोर सरकवलं. त्यांनी ते सावकाश, बोट लावून वाचलं.

"आक्का, ह्ये बाजार दावायलेत तुला."

"म्हणजे?" हे मी विचारलं. मी तिथे प्रमाणपत्रांवर वेलबुट्टी काढत होते.

"म्हंजी बैल बसला अन् तीन दिवसांत उठला नाय, की लोकं म्हनतेत, दावा त्येला बाजार. मंग इकायचं."

"मी बैल आहे का रे?" बाई म्हणाल्या.

"नाय आक्का. बैल येवढं बोलत नाय." बापूरावांनी पत्राची घडी घातली. "पन बसल्याल्या बैलाला लोकं कुठं चुकतेत, ठावं हाये का? धा जन मिळून उचलाया जातेत. शेपटी पिरगाळतेत. हात नाय लावायचा. त्येच्यासमोर खांब पायजे, अन् भवतालचे गप पायजेत. उठायचं असंल तर त्यो आपला आपन उठतो."

बाईंनी पत्राच्या मागे एक ओळ लिहून ते परत पाठवलं : झेंडा मीच फडकवीन. अनवाणी.

मी म्हटलं, "बाई, अनवाणीचं ठीक आहे. पण कुबड्या? त्या तर रस्त्यावरून येतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आत्यांचा युक्तिवाद घरून शाळेपर्यंत चालत आला होता. भुईला टेकतं ते पायातलं. पायातलं कट्ट्यावर नाही. युसूफमामू म्हणाले, "मॅडम, कायदा आप का, माफी भी आप की. छोडो ना."

"स्वतःपुरता सोडला तर तो कायदा राहत नाही, मामू. लाड होतो."

म्हणून चौथा जोड. बापूरावांनी तो पाचोडहून सतराच्या पहाटे आणला, धुतलेल्या धोतरात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन. त्यानं अजून भुईला स्पर्श केलेला नव्हता. युसूफमामूंनी आंघोळ करून तो वर नेला आणि खांबाला टेकवून ठेवला. खालचा जोड पायरीशी सोडायचा, वर जाऊन वरचा घ्यायचा. प्रश्न मधल्या पाच पायऱ्यांचा होता, आणि तो बाईंनी कुणालाही विचारला नाही.

मला त्याच आठवड्यात नांदेडची नोकरी मिळाली होती. अठरा तारखेच्या सकाळची एस.टी. होती. पुढे काय झालं ते मी नंतर वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळं ऐकलं, आणि ऐकीव मी सांगत नसते. जे शेवटचं पाहिलं, ते हे.

आठशे मुली रांगांत. भाऊसाहेब कडक पांढऱ्यात, बूट काढून, पहिल्या पायरीशी. त्यांच्याशेजारी डोईफोडे सर. सरांनी नवा सदरा घातला होता आणि मोजे घरीच ठेवले होते. तयारी पूर्ण होती. मागच्या बाजूला, पालकांच्या घोळक्यात, बापूरावांचा फेटा.

ठक्, ठक्, घसर. बाई आल्या. लाल-हिरवा जोड युसूफमामूंच्या हाती दिला, डाव्या पायातली चप्पल काढली, मुलींकडे तोंड केलं आणि पहिल्या पायरीवर बसल्या. मग दोन्ही हात मागे टेकून स्वतःला दुसरीवर उचललं. प्लास्टरचा पाय समोर सरळ, तोफेसारखा. मग तिसरीवर.

मुलींना हसू यायला हवं होतं. पण पाठ करून चढणाऱ्याला हसता येतं. बाई तोंड करून चढत होत्या. प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबून एकेका रांगेकडे बघत होत्या. नववी ब तर श्वासही घेत नव्हती.

पाचवी पायरी. बाई चौथऱ्यावर पोचल्या, सरकत खांबापाशी गेल्या आणि कुबड्यांकडे हात केला. बोटं लागली. कुबड्या हलल्या, खांबाभोवती गोल फिरल्या आणि पलीकडच्या बाजूनं दोन्ही खाली मातीत पडल्या.

युसूफमामूंनी धावत जाऊन त्या उचलल्या, सदऱ्याला पुसल्या, वर धरल्या. बाईंनी मान हलवली.

"त्या आता खालच्या झाल्या, मामू."

भाऊसाहेब मेहुण्यांकडे वळले. डोईफोडे सरांनी एक पाय पायरीवर ठेवला. आता कुणीतरी दोघींनी जाऊन बाईंना हाताला धरून खाली आणायचं आणि विश्रांती सुरू, इतकं ते जवळ आलं होतं. आम्ही दोघी-तिघी निघालोही होतो. तेवढ्यात बाईंनी उठण्यासाठी हाताला लागेल ते धरलं. हाताला दोरी लागली.

वर गाठ सुटली. झेंडा उघडला आणि त्यातली झेंडूची सगळी फुलं बाईंच्या डोक्यावर आली.

आमच्या शाळेत बाईंनी पस्तीस वर्षं एकच गोष्ट घोटून घेतली होती : झेंडा उघडला की राष्ट्रगीत. मधे कुणी खोकायचं नाही, हुकमाची वाट बघायची नाही, आणि सुरू झालं की डोक्यावर वीज पडली तरी हलायचं नाही. आठशे मुलींनी सुरुवात केली. मी एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत थांबले. डोईफोडे सर पायरीवर एक आणि खाली एक पाय ठेवून ताठ झाले. भाऊसाहेबांचा हात काहीतरी सांगायला वर गेला होता, तो तसाच खाली मांडीशी आणावा लागला. सगळं मैदान पुतळ्यांचं. त्यात हलणारं माणूस एकच.

बाईंनी दोरी सोडली आणि खांब धरला. डावा पाय पोटाशी घेतला. एक हात वर, त्यावर दुसरा. पहिल्या ओळींना त्या फरशीवरून अर्ध्याच वर आल्या आणि पुन्हा बसल्या. खांब थरथरला, वर झेंडा हलला. कुणी गेलं नाही, जाऊ शकत नव्हतं. दुसऱ्यांदा त्यांनी कपाळ खांबाला टेकवलं, आणि अनवाणी पायाची बोटं फरशीवर रोवली गेलेली मला स्पष्ट दिसली. हात एकावर एक वर चढत होते, विहिरीतून घागर ओढावी तसे, फक्त इथे घागर त्या स्वतःच होत्या. शेवटची ओळ आली. मुलींनी ती जरा सावकाश म्हटली. असं कधी झालं नव्हतं, आणि बाईंनी एरवी त्याबद्दल शाळा सुटल्यावर थांबवलं असतं.

राष्ट्रगीत संपलं तेव्हा साळुंकेबाई उभ्या होत्या. एका पायावर, डावा हात खांबाला, उजवा शिस्तीत मांडीशी, केसांत झेंडू. हनुवटी नेहमीच्या जागी. भाऊसाहेब वर बघत होते. डोईफोडे सरांनी पायरीवरचा पाय हळूच खाली घेतला. आणि मागून बापूरावांचा, बाजारात चार गावांना ऐकू जाणारा आवाज आला :

"आता दावा म्हनावं बाजार!"